निवारा केंद्रातल्या कुत्र्या-मांजरांची गोचीड, पिसवा आणि जंत : कमी खर्चात पक्का बंदोबस्त कसा करावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात एका गावाबाहेर आम्ही काही जण मिळून जखमी, आजारी आणि लोकांनी सोडून दिलेल्या प्राण्यांसाठी छोटं निवारा केंद्र चालवतो. सध्या साठेक कुत्री आणि वीस-बावीस मांजरं आहेत. पत्र्याची शेड, निम्म्या भागात कोबा, निम्म्यात माती, मागच्या बाजूला दगडी गडगा. सगळं देणग्यांवर चालतं.

खाण्याच्या खालोखाल सगळ्यात मोठा खर्च गोचीड, पिसवा आणि जंत यांच्यावर होतो. अमिट्राझने धुणं, आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं, कुणी देणगी म्हणून दिलेल्या जंताच्या गोळ्या, हे सगळं चालू असतं. महिना उलटला की गोचिडी पुन्हा कानात लोंबतात. लहान पिल्लं पांढरीफटक पडतात आणि हातची जातात. हे मला आता सोसवत नाही.

आत्ताच विचारायचं कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना त्याच जागी सोडायला सांगितलं. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारातली कुत्री मात्र परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितली. म्हणजे निवारा केंद्रांत दाटी वाढणार, आणि दाटीत हे किडे आगीसारखे पसरतात. (आदेश बरोबर की चूक, हा वाद कृपया इथे नको.)

तर विचारायचं असं : कमी पैशात नेमकं काय करावं, कोणत्या क्रमाने? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावं ही विनंती. पशुवैद्य असतील तर फारच बरं.

---

ऑरेंजसिटी_अनघा

कृष्णाकाठ, आमच्याकडेही हेच. नागपूरच्या उन्हाळ्यात तर भिंतीवरून गोचिडी वर चढताना दिसतात. वाचतेय.

---

बाभुळबन

ताई, मी पशुवैद्य आहे. सरकारी नोकरीनंतर आता काही निवारा केंद्रांचं काम बघतो. जरा सविस्तर लिहितो.

औषध महाग आहे म्हणून तुमचा खर्च वाढत नाहीये. एका किड्याचं औषध दुसऱ्यावर वापरलं जातंय, वजन न करता दिलं जातंय, आणि शेड तशीच राहतेय, म्हणून वाढतोय.

आधी गोचीड. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड असते, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. ती आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते. दर वेळी रक्त पिऊन खाली पडते आणि पुढची अवस्था फटीत लपून गाठते. शेवटी टम्म फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भेगेत तीन-चार हजार अंडी घालते आणि मरते. तुम्हाला कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण गोचिडींतल्या फार थोड्या. उरलेल्या गडग्यात, कोब्याच्या भेगांत, पत्र्याखालच्या आडव्या लाकडांत असतात. ही जात वर चढणारी आहे, त्यामुळे नुसती जमीन फवारून काही होत नाही. उपाशीपोटी ती महिनोन्‌महिने जगते.

म्हणून अमिट्राझने धुतलं की कुत्रं काही दिवस स्वच्छ दिसतं आणि शेडमधली पुढची तुकडी पुन्हा चढते.

दुसरं, आयव्हरमेक्टिन. हे औषध मोठं गुणाचं. ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. खरजेवर, लुतीवर ते उत्तम आहे. पण कुत्र्याला आपण ज्या मात्रेत देतो, त्या मात्रेत गोचिडीवर त्याचा भरवसा नाही. कितीतरी ठिकाणी स्वयंसेवक ‘गोचीड झाली’ म्हणून आठवड्याला इंजेक्शन टोचत असतात. पैसे जातात, कुत्र्याला धोका होतो आणि गोचीड जिथल्या तिथे राहते. तुमच्याकडे आयव्हरमेक्टिन फक्त लूत लागलेल्या कुत्र्यांसाठी ठेवा, आणि तेही डॉक्टरने तपासल्यावर.

गोचिडीवर आज सगळ्यात खात्रीची औषधं म्हणजे तोंडाने द्यायच्या नव्या गोळ्या. फ्लुरालेनर सुमारे १२ आठवडे चालतं, अफॉक्सोलेनर आणि सारोलेनर महिनाभर. किंमत ऐकून लोक मागे सरतात, पण यामागचं गणित समजून घ्या. तपकिरी गोचीड जवळपास फक्त कुत्र्याच्याच रक्तावर जगते. शेडमधल्या प्रत्येक कुत्र्याच्या रक्तात औषध असेल, तर फटीतून निघून जी चढेल ती चावेल आणि मरेल. तीन महिने एकही मादी अंडी घालायला परत गेली नाही, तर शेड रिकामी होत जाते. मात्र साठातली दहा कुत्री ‘यांच्या अंगावर फारशा नाहीत’ म्हणून सोडलीत, तर बाकी पन्नासांवरचा खर्च पाण्यात.

फेफरं येणाऱ्या कुत्र्यांना या गोळ्या देताना जपून. झटके, तोल जाणं असे परिणाम काही प्राण्यांत दिसल्याने अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१८ साली सावधगिरीची सूचना काढली होती. त्या कुत्र्यांसाठी वेगळा उपाय करता येतो.

जंतांवर रात्री लिहितो.

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. फटींचं लक्षात आलं. पण साठ कुत्र्यांना एकदम ती गोळी देणं आमच्या आवाक्याबाहेर आहे. तुकड्यातुकड्याने दिली तर? आणि मोठ्या कुत्र्याची गोळी कापून दोन लहानांना देतात असं ऐकलंय.

---

बाभुळबन

कापू नका. औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच याची हमी उत्पादक देत नाहीत. एकाला कमी मात्रा, दुसऱ्याला जास्त, असं होतं.

तुकड्यांनी द्यायचं असेल तर जागेचे तुकडे करा. एक कप्पा पूर्ण रिकामा करा, फटी बुजवा, फवारा, वाळू द्या. त्या कप्प्यात राहणाऱ्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध द्या आणि त्यांची बाकीच्यांशी सरमिसळ बंद करा. मग पुढचा कप्पा. देणगीदारांनाही ‘एका कप्प्याचं तीन महिन्यांचं औषध’ असं मागितलं की कळतं आणि ते देतात.

गोचीड-पिसवांसाठी अंगावर सोडायच्या फिप्रोनिलच्या थेंबांचं मात्र मापून विभाजन होतं, कारण ते द्रव आहे. नुसतं फिप्रोनिल असलेल्या कुत्र्यांच्या नळ्यांत द्रावण एकाच तीव्रतेचं असतं. १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८, आणि सगळ्यात मोठ्या नळीत ४.०२ मिली. म्हणजे एका मोठ्या नळीत सहा लहान कुत्री. सिरिंजने मोजायचं आणि लगेच वापरायचं. मिश्र औषधांच्या नळ्यांना हे लागू नाही, त्यात कुत्र्याची आणि मांजराची तीव्रता वेगळी असते.

फिप्रोनिलचा ०.२५ टक्के फवारा मात्र मोठ्या कुत्र्यांना परवडत नाही. किलोला ३ ते ६ मिली लागतं. १५ किलोच्या कुत्र्याला ४५ ते ९० मिली, म्हणजे पाव लिटरची बाटली तीन ते पाच कुत्र्यांत संपली. तोच फवारा दूध पिणाऱ्या पिल्लांना अगदी स्वस्त पडतो, आणि दोन दिवसांच्या पिल्लालाही चालतो. बाटली पिल्लांसाठीच राखून ठेवा.

---

चुनखडी

माझं हॉस्टेल कम केनेल आहे, त्यात बारा-पंधरा सोडून दिलेली कुत्रीही असतात. औषधाआधी गवंडी बोलावला. सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या, भिंत आणि जमीन मिळते तिथला कोपरा गोलाई देऊन भरून घेतला, आडवी लाकडं काढून लोखंडी अँगल टाकले. मग चुना मारला. चुन्याने गोचीड मरते असं माझं म्हणणं नाही. बारीक फटी भरतात आणि पांढऱ्या भिंतीवर एक जरी चढली तरी लगेच दिसते.

दगडी गडगा असेल तर तो तुमचा खरा शत्रू. दोन्ही बाजूंनी गिलावा करा, नाहीतर कुत्र्यांचा वावर त्याच्यापासून दूर ठेवा. तिथे फवारून फवारून दमाल.

---

रानवारा

आमच्या गावाकडे गोचिडीला तंबाखूचं पाणी लावतात, लुतीला गाडीचं जळकं ऑइल. करंजाचं तेलही चालतं. सगळं फुकटात होतं. एवढी महागडी औषधं कशाला?

---

बाभुळबन

रानवारा, तुमच्या गावात जुन्या माणसांनी हे केलं, कारण त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. पण आज हे करू नका, कळकळीने सांगतो. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आणि चाटल्याने पोटात जातं आणि कुत्रं झटके येऊन मरू शकतं. जळक्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि विषारी हायड्रोकार्बन असतात. लूत लागलेलं कुत्रं आधीच उघडं पडलेलं असतं, ते सगळं अंगात जिरतं, शिवाय चाटून आतडी आणि यकृत बिघडतं. ‘ऑइल लावलं आणि बरं झालं’ म्हणतात त्यातलं किती ऑइल लावल्यावर कुठेतरी जाऊन मेलं, हे कुणी बघितलेलं नसतं.

लुतीचा खरा इलाज या सगळ्याहून फार महाग नाही. एक टक्का आयव्हरमेक्टिनच्या ५० मिलीच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ०.२ मिलिग्रॅम धरलं तर १५ किलोच्या कुत्र्याला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ मिली लागतं. एका बाटलीत दीडशेहून जास्त डोस. चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीन डोस, सोबत त्याच्यासह राहणाऱ्या सगळ्या कुत्र्यांना तेच, आणि अंथरूण जाळून टाकायचं.

शेतीचं फिप्रोनिलही अंगावर वापरू नका. नाव तेच असलं तरी त्यातले विद्रावक पिकासाठीचे असतात.

---

रानवारा

ऑइलचं हे माहीत नव्हतं डॉक्टर. गावात सांगतो. करंज?

---

बाभुळबन

करंज, कडुनिंब यांनी थोडा वेळ किडे दूर राहतात, पण शेड भरलेली असताना त्यावर विसंबता येत नाही. मांजराला कुठलंच तेल चोपडू नका, ते सगळं चाटून घेतं.

---

मनीची_मावशी

मांजरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कुत्र्यांचं परमेथ्रिन हे किडे मारायचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. थरथर, झटके आणि काही तासांत मृत्यू. कुत्र्याला लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजर त्याला चिकटून झोपलं तरी धोका असतो. अमिट्राझही मांजराला नको. आणि फरशी पुसायला फिनाईल नको, पंजे चाटून विष पोटात जातं.

चुकून लागलंच तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने अंग धुवा, ऊब द्या आणि धावत दवाखाना गाठा. झटके थांबवायची औषधं तिथेच मिळतात.

मांजरांच्या पिल्लांना पिसवांनी अक्षरशः रक्त कमी होऊन मरताना मी पाहिलंय. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला बहुतेक औषधं चालत नाहीत. तिथे बारीक दातांची फणी, कोमट पाणी, थोडा साबण आणि पूर्ण कोरडं करणं. आधी मानेभोवती साबणाचा फेस करायचा, नाहीतर सगळ्या पिसवा तोंडाकडे धावतात. अंगावरची काळी कणी पिसूची आहे की माती, हे बघायला ओल्या पांढऱ्या कागदावर चोळा. लालसर डाग पडला तर पिसूची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त.

अंथरुणं आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात पडतात, आणि कोषातली पिसू कुठल्याही फवाऱ्याला दाद देत नाही. म्हणून एका फवारणीनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या तर औषध खोटं होतं असं समजू नका. झाडलोट आणि धुणं चालू ठेवून दुसरी फवारणी करायची. तीही मांजरं बाहेर काढून, सगळं वाळल्यावरच आत.

---

बाभुळबन

मावशींनी मांजरांचं अचूक लिहिलंय. आता जंत.

पिल्लं पांढरी पडून जातात, त्याचं सगळ्यात मोठं कारण अंकुशकृमी, ज्याला आपण हुकवर्म म्हणतो. तो आतड्याला चिकटून रक्त पितो आणि आईच्या दुधातून पिल्लात येतो. गोल जंत तर कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लाला लागतात. म्हणून ‘दोन महिन्यांचं झालं की गोळी देऊ’ हे फार उशिराचं आहे. कुत्र्याच्या पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून. दूध पाजणाऱ्या आईलाही त्याच दिवशी.

एवढ्या लहान पिल्लाला मिश्र गोळीची, म्हणजे जंतांची दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीची गरज नसते. पायरँटेल पामोएटचं पातळ औषध पुरतं आणि ते अगदी स्वस्त आहे. बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असं असेल, तर किलोला ५ मिलिग्रॅमप्रमाणे दोन किलोच्या पिल्लाला ०.२ मिली. दहा मिलीच्या बाटलीत असे पन्नास डोस. मांजराला याच्या दुप्पट मात्रा लागते.

मिश्र गोळीत महाग भाग असतो प्राझिक्वांटेलचा, आणि तो फक्त चपट्या जंतांसाठी असतो. गुदद्वाराजवळ तांदळाएवढे हलणारे तुकडे दिसले, अंगावर पिसवा असल्या, किंवा कच्चं मांस खात असतील, तर तो द्यायचाच. सरसकट सगळ्यांना दर वेळी देऊन पैसे घालवू नका.

गाभण कुत्री केंद्रात असेल तर फेनबेंडाझोल. गर्भाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्यायल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत रोज किलोला ५० मिलिग्रॅम दिलं की पिल्लांत उतरणारे जंत खूप कमी होतात. गाईम्हशींचा दीड ग्रॅमचा बोलस, म्हणजे मोठी गोळी, घेतला तर तीस किलो वजनाचा एका दिवसाचा डोस त्यात निघतो, कुटून मोजून द्यायचा. निश्चित दिवस माहीत नसेल तर पोट दिसू लागल्यावर सुरू करा.

शाळेत मुलांना १० फेब्रुवारीला देतात त्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या उरल्या म्हणून कुत्र्या-मांजरांना देऊ नका. अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात.

---

सूक्ष्मदर्शी

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. जंत कोणते आहेत हे कळल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात खर्च करणं, म्हणून तपासणीची सोपी रीत सांगतो.

गरम पाण्यात साधं मीठ घालत जा, तळाला न विरघळता उरेपर्यंत. थंड करून गाळून घ्या. झालं तुमचं द्रावण. सुपारीएवढी ताजी विष्ठा थोड्या द्रावणात कालवा, चहाच्या गाळणीने गाळा, लहान उभट बाटलीत काठोकाठ भरा. वर फुगवटा आला पाहिजे. त्यावर काचेचा पातळ चौकोन ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. जंतांची अंडी मिठाच्या पाण्याहून हलकी, ती वर तरंगून काचेला चिकटतात. काच पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाच्या दहापट भिंगाखाली बघा. अंकुशकृमीचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत काही पेशींचा पुंजका. गोल जंताचं अंडं गोलसर, जाड, खडबडीत कवचाचं, आत गडद. एका बैठकीत शिकता येतं. फार वेळ ठेवू नका, मिठात अंडी चिंबतात.

चपट्या जंतांची अंडी यात बहुधा सापडत नाहीत, त्यासाठी डोळ्यांनी तुकडे शोधायचे. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशी जीवही मिठात बिघडतो, त्याला वेगळी पद्धत.

साठ कुत्र्यांचे साठ नमुने नको. कप्पानिहाय चार-पाच नमुने घ्या. औषधानंतर दोन आठवड्यांनी त्याच कप्प्याचे पुन्हा घ्या. अंडी दिसली तर मात्रा कमी पडली किंवा औषध लागू पडत नाही, हे तिथल्या तिथे कळतं. स्वतः जमत नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नमुना द्या. पुण्याच्या बाजूला असाल तर औंधला रोग अन्वेषण विभाग आहे.

---

परदेशस्थ_पाऊलखुणा

टेक्सासमध्ये एका प्राणी निवाऱ्यात शनिवारी काम करते. इथे प्राणी दारातून आत आला की कप्प्यात जाण्याआधीच वजन, पायरँटेल आणि पिसू-गोचिडीचं औषध. दोन आठवड्यांनी पायरँटेल पुन्हा. निदान झालेलं नसतं, तरी देतात, कारण आत पसरल्यावरचा खर्च कैकपट असतो. मोठ्या जनावरांसाठीचं फेनबेंडाझोल मोजून कुत्र्यांना देणं इथेही सर्रास चालतं.

प्राध्यापकांच्या औषधानंतरच्या तपासणीच्या मुद्द्याला जोडून : शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत वर्षानुवर्षं सतत औषधं दिल्याने इथे एकाहून जास्त औषधांना न जुमानणारे हुकवर्म तयार झाले आणि ती कुत्री दत्तक गेल्यावर पसरले. त्यामुळे औषधानंतरची तपासणी चैनीची समजू नका.

---

तळकोकण

आमच्याकडे दोडामार्ग, सावंतवाडीत २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आहेत, शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत त्याच्या आदल्या वर्षापासून. त्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या गोचिडी बघून लोक घाबरतात आणि कुत्री हाकलायला सांगतात. कुत्र्याच्या गोचिडीने माकडताप होतो का?

---

बाभुळबन

माकडताप मुख्यतः पसरवते ती जंगलातली गोचीड, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ती नव्हे. जंगलात, काजूच्या बागेत जाताना पूर्ण कपडे, अंगाला लावायचं औषध आणि आल्यावर अंग तपासणं, हा तिथला खरा बचाव. कुत्री हाकलून माकडताप थांबत नाही.

पण कुत्र्याची गोचीड माणसाला निरुपद्रवी असंही नाही. तिच्यातून गोचीडताप, म्हणजे टिक टायफस होतो. हाताने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. स्वयंसेवकाला ताप आणि पुरळ आलं तर डॉक्टरला कुत्र्यांत काम करतो हे आवर्जून सांगावं.

कुत्र्यांनाही तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे रोग होतात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, ते स्वस्त आहे. पण बबेसिया गिब्सोनायचा इलाज एका कुत्र्यामागे इतका महाग पडतो की तेवढ्यात कितीतरी कुत्र्यांची गोचीड आवरता येईल. नाकातून रक्त, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली की वाट बघू नका.

---

ऑरेंजसिटी_अनघा

आम्ही मटणाच्या दुकानातून उरलेली आतडी, फुप्फुसं आणतो. स्वस्त पडतं. कच्चं दिलं तर चालतं का? शिजवायला गॅस जातो.

---

बाभुळबन

अनघा, कच्चं अजिबात नको. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि यकृतात हायडेटिडच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्यात एकिनोकॉकस हा इवलासा चपटा जंत वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात गाठी होतात. रोज पिंजरे धुणाऱ्या तुमच्या माणसांना हा धोका आहे. अर्धा तास चांगलं उकळा, चुलीवर उकळलं तरी चालेल. आजवर कच्चं खाल्लेल्या सगळ्यांना प्राझिक्वांटेल, किलोला ५ मिलिग्रॅम.

---

गोव्याची_गाज

एक छोटी भर. नसबंदीच्या टेबलावर कुत्रं भुलीखाली असतं तेव्हाच वजन, कान-पंजे तपासणं आणि गोचिडीचं औषध, सगळं उरकून घेतो. कुणाला न चावता, न घाबरवता होतं. जंताचं औषध शुद्धीवर आल्यावर खाण्यातून.

---

कृष्णाकाठ

सगळं छापून भिंतीवर लावलंय. आमच्या मातीच्या भागाचं काय करू? कोबा करायला पैसे नाहीत. आणि आमच्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या आहेत, लाल टोपणाच्या आणि केशरी. डोस सारखाच ना?

---

बाभुळबन

फार महत्त्वाचं विचारलंत. सारखा नाही! लाल टोपणाची ४० युनिटची, तिच्यात ४० युनिट म्हणजे १ मिली. केशरी टोपणाची १०० युनिटची, तिच्यात १०० युनिट म्हणजे १ मिली. ०.३ मिली आयव्हरमेक्टिन म्हणजे लाल सिरिंजमध्ये १२ युनिट आणि केशरीत ३०. कुणी ‘३० युनिट’ लक्षात ठेवून लाल सिरिंज भरली तर अडीचपट औषध जाईल. एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवा, दुसऱ्या देऊन टाका. तक्त्यावर युनिट न लिहिता मिली लिहा. कॉली जातीची किंवा तिच्या संकराची कुत्री असली तर त्यांना आयव्हरमेक्टिनच नको. त्यांच्यातल्या अनेकांत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं. मांजराच्या एक किलोच्या पिल्लाला लागणारं ०.०२ मिली कुठल्याच सिरिंजमध्ये नीट मोजता येत नाही, ते काम डॉक्टरकडेच. पाण्यात मिसळून पातळ करू नका, ते त्यात नीट विरघळत नाही.

माती : हुकवर्मच्या अळ्यांना ओल आणि सावली लागते. वर उन्हाला आडकाठी असेल ते काढा, पाण्याला उतार द्या, वरची चार बोटं माती काढून मुरूम टाकून ठोका. पिल्लं आणि गाभण कुत्री तिथे ठेवू नका. विष्ठा रोज उचला, शक्यतो दोनदा. गोल जंताची ताजी अंडी लगेच लागत नाहीत, ती तयार व्हायला काही आठवडे जातात. पण एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात आणि फिनाईल-ब्लीचने मरत नाहीत. तुमच्या सगळ्या कार्यक्रमात सर्वांत स्वस्त औषध म्हणजे रोजचं फावडं.

---

चुनखडी

वजनासाठी : माणसाने कुत्रं उचलून साध्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजा करायचं. पिल्लांना स्वयंपाकघरातला काटा. अंदाजाने धरलेलं वजन फसवं असतं, केसाळ कुत्री तर हमखास जड वाटतात.

---

पशुऔषधी_शोधक

मार्च २०२५ मध्ये केंद्राने पशुधन आरोग्य आणि रोगनियंत्रण योजनेत ‘पशु औषधी’ हा भाग घातला आहे. जनेरिक पशुऔषधं पीएम किसान समृद्धी केंद्रं आणि सहकारी संस्थांतून द्यायची, अशी ती योजना. भर गाईगुरांच्या औषधांवर आहे, पण फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन आपल्यालाही लागतंच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून ठेवा.

---

कृष्णाकाठ

येत्या रविवारी सगळ्यांची वजनं घेतोय. पहिला कप्पा पिल्लांचा आणि त्यांच्या आयांचा ठरवला. चुनखडी दादा, गवंड्याला तुमचा गोलाईचा कोपरा समजावून सांगितलाय, गडग्याला गिलावा पुढच्या देणगीतून. लाल टोपणाच्या सिरिंज काढून टाकल्या, तक्त्यावर सगळं मिलीत लिहिलंय. दारातच एक वेगळा कप्पा केलाय, नवीन आलेलं कुणीही आता दोन आठवडे तिथेच राहील.

एक अडलंय. सातारा, कराड, सांगली भागात कुणाकडे, एखाद्या शाळेत किंवा कॉलेजात जुना सूक्ष्मदर्शक पडून असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोडका असला तरी दुरुस्त करून घेऊ.

---

सूक्ष्मदर्शी

मी मिरजेत असतो. माझ्याकडे घरी एक आहे, दहापट आणि चाळीसपट भिंगांचा, आरशाचा, उन्हात चालतो, वीज लागत नाही. घेऊन जा. काचेच्या पट्ट्याही देतो. रविवारी नमुने घेणार असाल तर मीच येतो. विष्ठा सकाळची ताजी घ्या, डबीवर कप्प्याचा क्रमांक लिहा आणि मी येईपर्यंत सावलीत ठेवा.